नव्या करारात २७च पुस्तकं कशी आली? जुनी हस्तलिखितं काय सांगतात

११ जून २०२४ रोजी लंडनच्या क्रिस्टीज लिलावगृहात इजिप्तमधलं एक जुनं पुस्तक ३० लाख पौंडांहून अधिक किमतीला विकलं गेलं. नाव क्रॉस्बी-स्कॉयन कोडेक्स, भाषा कॉप्टिक म्हणजे जुनी इजिप्शियन, वय तिसऱ्या शतकाचा मध्य ते चौथं शतक यांच्या दरम्यान कुठेतरी. गाजावाजा झाला तो किमतीचा आणि वयाचा. खरी गंमत मात्र त्यात काय काय एकत्र शिवलं आहे यात आहे. योनाचं पुस्तक आहे, ते जुन्या करारातलं, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागातलं. पेत्राचं पहिलं पत्र आहे, ते नव्या करारातलं, म्हणजे येशूनंतर लिहिलेल्या दुसऱ्या भागातलं. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकातला एक उतारा आहे. हे पुस्तक कॅथलिक बायबलमध्ये असतं, प्रॉटेस्टंट बायबलमध्ये नसतं. आणि सार्दिसच्या मेलितो नावाच्या बिशपचं वल्हांडण या ज्यू सणावरचं प्रवचन आहे, जे आज कुणाच्याच बायबलमध्ये नाही. शिवणाऱ्याला यात काहीही वावगं वाटलं नाही.

मग 'हे बायबल, हे बायबलबाहेरचं' अशी रेघ कधी मारली गेली? आणि कुणी?

## दोन प्रश्न, नेहमी एकमेकांत गुंतणारे

पहिला प्रश्न, कोणती पुस्तकं आत आणि कोणती बाहेर. आतल्या पुस्तकांच्या यादीला कॅनन म्हणतात. आपण तिला प्रमाण यादी म्हणू. दुसरा प्रश्न, आतल्या पुस्तकांमधला नेमका शब्द कोणता, कारण हाताने उतरवलेल्या दोन प्रती हुबेहूब जुळत नाहीत. हे शोधण्याच्या शास्त्राला पाठचिकित्सा म्हणतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली, ते काम याच जातीचं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधताना बहुतेक जण थेट परिषदा आणि बिशपांच्या याद्यांकडे वळतात. याद्या महत्त्वाच्या आहेतच, पण यादी म्हणजे कुणाचं तरी मत. काय वाचलं जावं ते ती सांगते. काय वाचलं जात होतं, ते लोकांच्या हातातल्या पुस्तकांवरून कळतं. म्हणून आधी पुस्तक ही वस्तूच पाहू.

## गुंडाळी सुटली आणि वही आली

नव्या करारातली पुस्तकं ग्रीकमध्ये लिहिली गेली, बहुतेक सगळी इसवी सन ५० ते दुसऱ्या शतकाचा आरंभ या काळात. लेखकाच्या हातची एकही प्रत उरलेली नाही. उरल्या आहेत त्या नकला आणि नकलांच्या नकला. ग्रीक प्रतींची संख्या पाच हजारांवर जाते, पण त्यांतल्या बहुसंख्य नवव्या शतकानंतरच्या. पपायरसवरच्या प्रती १४०च्या आसपास आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याचशा तळहातावर मावतील एवढे तुकडे.

पपायरस ही नाईलकाठच्या दलदलीत वाढणारी उंच वनस्पती. तिच्या खोडातल्या गराच्या पातळ पट्ट्या काढायच्या, एक थर उभा आणि त्यावर दुसरा आडवा लावायचा, ओला असतानाच दाबायचा, वाळवून घोटायचा. त्यामुळे तावाच्या एका बाजूला तंतू आडवे दिसतात, दुसऱ्या बाजूला उभे. विखुरलेले तुकडे जुळवताना ही तंतूंची दिशा फार कामाला येते. पपायरस कोरड्या हवेत टिकतो आणि ओलीत कुजतो. म्हणून हे पपायरस जवळजवळ सगळे इजिप्तमध्येच सापडले. ऑक्सिरिंकस या गावाच्या प्राचीन उकिरड्यांत ग्रेनफेल आणि हंट यांनी १८९६-९७च्या हंगामात खोदकाम सुरू केलं, तिथून तर कागदपत्रांचे ढीग निघाले. पण यातच एक मेख आहे. रोम, अंत्युखिया, इफिस इथल्या मंडळ्यांचे (म्हणजे ख्रिस्ती समाजांचे) पपायरस आपल्याकडे नाहीत. एका इजिप्तवरून साऱ्या ख्रिस्ती जगाविषयी बोलताना हात थोडा आखडताच घ्यावा लागतो.

त्या काळी प्रतिष्ठेचं पुस्तक म्हणजे गुंडाळी. ताव दुमडून मधोमध शिवलेल्या पुस्तकाला कोडेक्स म्हणतात, आणि ते टिपणं-हिशेबांसाठी वापरलं जाई. ख्रिस्ती मंडळींनी मात्र धर्मग्रंथांसाठी फार लवकर हाच प्रकार उचलला. का, यावर एकमत नाही: स्वस्त म्हणून, प्रवासात सोयीचा म्हणून, की पौल या प्रेषिताच्या पत्रांचा पहिला संग्रह तसा होता म्हणून. परिणाम मात्र स्पष्ट आहे. गुंडाळ्या पेटीत सुट्या राहतात, त्यात एक जास्त काय आणि एक कमी काय. शिवायच्या पुस्तकात काय घ्यायचं, कोणत्या क्रमाने घ्यायचं आणि किती पानं लागतील, हे आधी ठरवावं लागतं.

## जागेचा हिशेब चुकलेला लेखनिक

हे जवळून पाहायचं तर पपायरस ४६ घ्यावा (४६ हा अभ्यासकांच्या सूचीतला क्रमांक). साधारण इसवी सन २००च्या सुमाराचा हा पौलाच्या पत्रांचा संग्रह. त्याची ५६ पानं डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आणि ३० पानं अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात आहेत. (पान म्हणजे दोन्ही बाजू धरून, एका बाजूला पृष्ठ म्हणू.) याचा बनवणारा साधा माणूस असावा. त्याने ५२ ताव एकावर एक रचले आणि सगळा गठ्ठा एकदमच मध्ये दुमडला. झाली १०४ पानं, २०८ पृष्ठं.

पृष्ठांवर आकडे घातलेले आहेत, त्यामुळे सुरुवातीची ७ पानं गेली आहेत हे कळतं. एकाच घडीच्या पुस्तकात पुढचं प्रत्येक पान मागच्या एका पानाशी जोडलेलं असतं. पुढची ७ गेली, म्हणजे मागचीही ७ गेली. उरलेला मजकूर थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या अखेरीशी थांबतो. मग हरवलेल्या त्या १४ पृष्ठांवर काय होतं?

इथे लेखनिकाची तारांबळ उपयोगी पडते. पुस्तकाच्या पहिल्या अर्ध्यात त्याच्या पृष्ठावर साधारण २६ ते २८ ओळी बसतात. पुढे पुढे त्या ३०-३२ पर्यंत जातात आणि ओळीतली अक्षरंही वाढतात. जागा पुरणार नाही हे मध्यापलीकडे गेल्यावर त्याच्या लक्षात आलेलं दिसतं, आणि एकाच घडीच्या पुस्तकात तेव्हा फार काही करता येत नाही. १४ पृष्ठांतून थेस्सलनीकाकरांसचं दुसरं पत्र वजा केलं की दहाएक पृष्ठं उरतात. तीमथ्याला लिहिलेली दोन पत्रं आणि तीताचं पत्र तेवढ्यात मावत नाहीत. काही अभ्यासक म्हणतात, ही पत्रं त्याच्या संग्रहात मुळी नव्हतीच. काही म्हणतात, ती घालता यावीत म्हणूनच तर तो दाटी करत होता, शेवटी जादा पानं जोडली असतील. पुरावा दोन्हींपैकी एकीकडे ठामपणे झुकत नाही, आणि 'दुसऱ्या शतकाअखेर पौलाची १३ पत्रं ठरून गेली होती' असं छातीठोक सांगणाऱ्याने हे पुस्तक एकदा पाहावं.

आणखी एक गोष्ट. या पुस्तकात रोमकरांस पत्रानंतर लगेच इब्री लोकांस पत्र येतं. म्हणजे इजिप्तमधल्या या माणसाच्या लेखी ते पौलाचंच, आणि मानाच्या जागेवरचं. त्याच काळात रोममध्ये मात्र ते पौलाचं मानायला लोक तयार नव्हते.

## वय कसं ठरवतात, आणि कुठे घसरतात

या प्रतींवर तारीख नसते. मुख्य पद्धत अक्षराच्या वळणाची. कर भरल्याच्या पावत्या, करार, अर्ज यांवर तारखा असतात. त्यांच्या वळणाशी धर्मग्रंथाचं वळण ताडून पाहायचं. पण तरुणपणी गिरवलेलं वळण माणूस म्हाताराहोईतो लिहितो, आणि ग्रंथाची अक्षरं पावतीच्या अक्षरांहून जाणूनबुजून जुन्या धाटणीची असतात. म्हणून ५० वर्षं अलीकडे-पलीकडे होणं अगदी नेहमीचं.

मँचेस्टरच्या रायलंड्स ग्रंथालयातला पपायरस ५२ हे याचं ठळक उदाहरण. ८.९ × ६ सेंटिमीटरचा हा तुकडा, त्यावर योहानाच्या शुभवर्तमानाच्या (येशूचं चरित्र सांगणाऱ्या पुस्तकाच्या) १८व्या अध्यायातल्या काही ओळी. १९३५ साली कॉलिन रॉबर्ट्स यांनी तो प्रसिद्ध केला आणि दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातला म्हटलं. पाठ्यपुस्तकांत त्याचं 'इसवी सन १२५' झालं, जणू कुणी शिक्काच मारलाय. २००५ साली ब्रेंट नाँगब्री यांनी दाखवून दिलं की याच वळणाचे नमुने दुसऱ्या शतकाच्या अखेरीस आणि तिसऱ्याच्या आरंभीही मिळतात.

कार्बन चाचणीने प्रश्न सुटेल असं वाटतं. ती चाचणी पपायरस कधीचा ते सांगते, शाई कधी लागली ते सांगत नाही. येशू 'माझी पत्नी' म्हणतो असा मजकूर असलेल्या, २०१२ साली गाजलेल्या 'येशूच्या पत्नी'च्या तुकड्याचा पपायरस खरोखर हजार-बाराशे वर्षं जुना निघाला. त्यावरचा मजकूर मात्र बायबलबाहेरच्या थोमाच्या शुभवर्तमानातून जुळवलेला होता, आणि इंटरनेटवरच्या एका आवृत्तीतली टंकनाची चूकसुद्धा त्यात तशीच उतरली होती.

## चुका होतात कशा

ग्रीक प्रतींत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. अक्षरांची सलग माळ. लेखनिक मूळ प्रत पाहतो, तुकडा मनात धरतो, लिहितो, पुन्हा मुळाकडे पाहतो. नजर परतताना चुकली की गडबड. योहानाच्या पहिल्या पत्रात (२:२३) पुत्राला नाकारणाऱ्याविषयी एक वाक्य आहे आणि पुत्राला कबूल करणाऱ्याविषयी लगेच दुसरं. ग्रीकमध्ये दोन्हींचा शेवट त्याच शब्दांनी होतो. पहिलं लिहून झाल्यावर लेखनिकाची नजर दुसऱ्याच्या शेवटावर पडली, आणि मधलं वाक्य गळालं. असंख्य उत्तरकालीन प्रतींत ते नाही.

दुसरं उदाहरण एका रेघेचं. देव, प्रभू, येशू, ख्रिस्त हे शब्द पूर्ण लिहिण्याऐवजी पहिलं आणि शेवटचं अक्षर लिहून वर आडवी रेघ द्यायची, असा ख्रिस्ती लेखनिकांचा रिवाज होता. 'देव' या शब्दाचं असं रूप म्हणजे थीटा आणि सिग्मा. ग्रीकमध्ये 'जो' हा शब्दही दोनच अक्षरांचा, ओमिक्रॉन आणि सिग्मा. थीटा म्हणजे पोटात आडवी रेघ असलेलं वर्तुळ, ओमिक्रॉन म्हणजे नुसतं वर्तुळ. तीमथ्याला पहिल्या पत्रात (३:१६) 'देव देहाने प्रकट झाला' की 'जो देहाने प्रकट झाला', हे या पोटातल्या आणि डोक्यावरच्या रेघेवर ठरतं. सिनाय कोडेक्स या जुन्या ग्रीक बायबलच्या मूळ लेखनिकाने 'जो' लिहिलं आहे. कितीतरी काळाने दुसऱ्या कुणीतरी वर अक्षरं घालून 'देव' केलं. तशाच आलेक्झांड्रिया कोडेक्समधली पोटातली रेघ मूळची, की चर्मपत्राच्या मागच्या बाजूच्या अक्षराची शाई पुढे दिसते आहे, यावर अठराव्या शतकात विद्वान अक्षरशः पान उजेडासमोर धरून भांडले. आज बहुतेक अभ्यासक 'जो' हाच जुना पाठ मानतात.

## मग यादी ठरली कशी?

घरोघरच्या आरतीसंग्रहाचं पाहा. गणपतीची आरती नसलेला संग्रह सापडणार नाही. कुणा समितीने तसा ठराव केलेला नाही. लोक म्हणतात म्हणून ती छापली जाते, आणि छापलेली असते म्हणून पुढची पिढी म्हणते. शेवटच्या चार-सहा आरत्या मात्र प्रकाशकागणिक, प्रांतागणिक बदलतात. नव्या कराराचा गाभाही असाच आधी घट्ट झाला आणि कडा बराच काळ सैल राहिल्या.

गाभा म्हणजे चार शुभवर्तमानं आणि पौलाची पत्रं. इसवी सन १४०च्या दशकात रोममध्ये मार्सियन नावाच्या माणसाने स्वतःची यादी केली: लूकच्या शुभवर्तमानाचं एक रूप आणि पौलाची १० पत्रं, बाकी सगळं बाद. मंडळीने त्याला बाहेर काढलं, पण प्रश्न त्याने उभा केलाच. सुमारे १८० साली लियोंचा बिशप आयरेनियस ठासून सांगतो की शुभवर्तमानं चारच, कारण दिशा चार आणि वारे चार. युक्तिवाद आपल्याला लंगडा वाटेल. पण चार ही संख्या त्याच्या आसपास रुळल्याशिवाय कुणी तिला वाऱ्यांचा आधार शोधत बसत नाही.

कसोट्या लेखी कुणी ठरवल्या नव्हत्या, त्या वादांतून दिसतात. पुस्तक येशूच्या प्रेषितांपर्यंत पोचतं का? शिकवण मंडळीच्या श्रद्धेशी जुळते का? सगळीकडे वाचलं जातं का? अंत्युखियाचा बिशप सेरापियन याचं प्रकरण बोलकं आहे. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस र्‍होसस गावच्या मंडळींनी पेत्राच्या नावचं एक शुभवर्तमान वाचायची परवानगी मागितली. याने न वाचताच 'वाचा' म्हटलं. नंतर पुस्तक स्वतः वाचलं, येशूला खरा देह नव्हता असं म्हणणाऱ्यांची छाप त्यात दिसली, आणि परवानगी मागे घेतली. म्हणजे नाव पेत्राचं असून भागलं नाही.

३०३ साली सम्राट डायोक्लेशियनने ख्रिस्ती ग्रंथ जाळण्याचा हुकूम काढला, तेव्हा यादीचा प्रश्न जिवावर बेतला. उत्तर आफ्रिकेतल्या सिर्ता शहरातल्या जप्तीचा पंचनामा उपलब्ध आहे: चर्चमध्ये एक मोठा कोडेक्स मिळाला, बाकीची पुस्तकं वाचकांच्या घरी आहेत असं सांगण्यात आलं, आणि अधिकारी घरोघर फिरून ती गोळा करत गेले. कोणतं पुस्तक हवाली केलं तर चालेल आणि कोणतं दिलं तर ते पाप, हा प्रश्न मग कुणालाही टाळता येत नव्हता.

सुमारे ३२५ साली इतिहासकार युसेबियसने स्थिती नोंदवली. एका बाजूला सर्वमान्य पुस्तकं. मग वादग्रस्त, पण बहुतेकांना माहीत असलेली: याकोब, यहूदा, पेत्राचं दुसरं, योहानाचं दुसरं आणि तिसरं पत्र. प्रकटीकरणाचं पुस्तक त्याने, 'योग्य वाटल्यास' असं म्हणत, मान्य गटातही ठेवलं आणि नाकारलेल्या गटातही! एवढ्या काटेकोर माणसाची ही कसरत त्या वादाची तीव्रता सांगते.

नेमकी आजची २७ पुस्तकं, एक कमी नाही की एक जास्त नाही, अशी आपल्याला माहीत असलेली पहिली यादी ३६७ सालची. आलेक्झांड्रियाचे बिशप ईस्टरची तारीख कळवायला दरवर्षी परिपत्रक काढत. अथनेशियसच्या ३९व्या पत्रात ही यादी आहे. यादीबाहेरची काही पुस्तकं नवशिक्यांनी वाचायला हरकत नाही असंही तो म्हणतो, आणि त्यांत 'हर्मासचा मेंढपाळ' हे नाव आहे. हे पुस्तक लोकांचं भलतंच आवडतं होतं. दुसऱ्या-तिसऱ्या शतकातले त्याचे पपायरस तुकडे मार्कच्या शुभवर्तमानापेक्षा जास्त सापडले आहेत. चौथ्या शतकातल्या सिनाय कोडेक्समध्ये प्रकटीकरणानंतर बर्णबाचं पत्र आणि हर्मास आहेतच. अथनेशियसच्या पत्रानंतरच्या, पाचव्या शतकातल्या आलेक्झांड्रिया कोडेक्समध्ये क्लेमेंटच्या नावची दोन पत्रं आहेत. परिपत्रक निघालं म्हणून लेखनिकांनी लगेच पानं फाडली नाहीत.

## 'पण निकियाच्या परिषदेत मतदान झालं होतं ना?'

नाही. ३२५ सालच्या निकियाच्या परिषदेचे २० नियम उपलब्ध आहेत, त्यांत ग्रंथांच्या यादीचा एकही नाही. वाद येशू देवाच्या बरोबरीचा नाही म्हणणाऱ्या एरियसच्या शिकवणीचा होता, ईस्टरच्या तारखेचा होता. सगळी पुस्तकं वेदीपाशी ठेवली आणि खोटी आपोआप बाजूला झाली, ही कथा पुष्कळ नंतरच्या, नवव्या शतकातल्या एका ग्रंथात येते. व्हॉल्तेअरने ती चवीने सांगितली आणि आपल्या काळात एका खपाऊ कादंबरीने तिचा नवा अवतार घरोघर पोचवला. कॉन्स्टंटाईन बादशहाचा संबंध एवढाच की त्याने सुमारे ३३१ साली युसेबियसकडून चर्मपत्रावरच्या ५० प्रती करवून घेतल्या. त्यांत नेमकी कोणती पुस्तकं होती ते युसेबियस सांगत नाही. हिप्पो (३९३) आणि कार्थेज (३९७) इथल्या आफ्रिकी परिषदांनी याद्या मंजूर केल्या, त्या रुळलेल्या वाचनावर शिक्का मारणाऱ्या.

## 'दडवलेल्या शुभवर्तमानांचं काय?'

१९४५ साली इजिप्तच्या नाग हम्मादीजवळ १३ कोडेक्स सापडले. त्यांत थोमाचं शुभवर्तमान होतं, येशूची ११४ वचनं. ते मुद्दाम वगळलं, असं म्हटलं जातं. वस्तुस्थिती अशी की युसेबियस त्याचं नाव घेतो ते पाखंड्यांच्या बनावट पुस्तकांत, आणि कोणत्याही प्राचीन यादीत ते मान्य म्हणून येत नाही. घरातून बाहेर काढायला आधी ते घरात असायला हवं होतं.

तरी दडपणूक झालीच नाही असंही नाही. चारही शुभवर्तमानांची एकच सलग कथा करणारं तातियनचं पुस्तक सीरियात वर्षानुवर्षं वाचलं जात होतं. पाचव्या शतकात थिओडोरेट या बिशपने आपल्या हद्दीतल्या २००हून अधिक प्रती हटवल्या आणि हे त्याने स्वतःच अभिमानाने लिहून ठेवलं आहे. आणि एक प्रकरण तर थेट गोव्याच्या धर्मपीठाचं आहे.

## गोव्याचे आर्चबिशप आणि २२ पुस्तकांचा नवा करार

केरळचे सेंट थॉमस ख्रिस्ती सिरियाक भाषेतलं पेशित्ता हे बायबल वाचत. पेशित्ताच्या नव्या करारात २२ पुस्तकं. पेत्राचं दुसरं, योहानाचं दुसरं व तिसरं, यहूदाचं पत्र आणि प्रकटीकरण त्यात नाहीत, म्हणजे बरोबर युसेबियसच्या वादाच्या पट्ट्यातली. सहाव्या शतकात रोमन सीरियात या पुस्तकांचं भाषांतर झालं, पण तोवर पर्शियातली पूर्वेकडची मंडळी वेगळी झाली होती, आणि केरळचा संबंध होता तो त्या मंडळीशी.

जून १५९९ मध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझेस यांनी कोचीजवळ उदयंपेरूर इथे धर्मसभा भरवली. पोर्तुगीज तिला डायंपर म्हणत. सभेच्या ठरावांत ही पुस्तकं नाहीत याची नोंद आहे. योहानाच्या ८व्या अध्यायातली व्यभिचारात पकडलेल्या स्त्रीची गोष्ट नाही, योहानाच्या पहिल्या पत्रातलं स्वर्गातल्या तीन साक्षीदारांचं वाक्य (५:७) नाही, हेही नोंदवलं आहे. नेस्टोरियन पाखंड्यांनी (पूर्वेकडच्या त्या मंडळीला रोम असं म्हणे) ही काटछाट केली असा ठपका ठेवून लॅटिन बायबलप्रमाणे सगळं भरून काढण्याचा हुकूम झाला. ग्रंथ तपासणीसाठी मागवले गेले, कित्येक जाळले गेले, आणि केरळच्या जुन्या सिरियाक हस्तलिखितांचं नुकसान झालं ते कायमचं.

कुणी काही कापलंच नव्हतं. स्त्रीची गोष्ट पपायरस ६६ आणि ७५ मध्ये, सिनाय कोडेक्समध्ये आणि तेवढ्याच जुन्या व्हॅटिकन कोडेक्समध्येही नाही. तीन साक्षीदारांचं वाक्य लॅटिन परंपरेत वाढलेलं. ग्रीकमध्ये ते मोजक्या उशिराच्या प्रतींत सापडतं. इरॅस्मस या डच विद्वानाने आपल्या छापील ग्रीक नव्या कराराच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत (१५१६, १५१९) ते घेतलं नव्हतं, टीका झाल्यावर १५२२ साली घेतलं. म्हणजे त्या वाक्याबाबत केरळची पोथी बरोबर होती आणि तिला दुरुस्त करणारं लॅटिन बायबल चुकलेलं होतं.

## 'एवढे फरक, मग मजकुरावर भरवसा काय?'

फरक लाखोंच्या घरात मोजले जातात, आणि ही संख्या दोन्ही बाजूंचे लोक गैरवापरतात. पाच हजार प्रती असल्या की एकेका ठिकाणी शेकडो प्रती वेगळ्या पडणारच. प्रती जितक्या जास्त, तितके फरक जास्त आणि तितकीच तपासणीची सोयही जास्त. बहुतेक फरक वर्णलेखनाचे, शब्दक्रमाचे. अर्थाला धक्का लावणारे थोडे, पण ते खरे आहेत. मार्कच्या शुभवर्तमानाची शेवटची १२ वचनं (१६:९-२०) सिनाय आणि व्हॅटिकन कोडेक्समध्ये नाहीत, हे कुणी लपवत नाही. अनेक आधुनिक भाषांतरांत ती कंसात किंवा तळटीप देऊन छापतात. जर्मनीतल्या म्युन्स्टरच्या संस्थेत १९५९ पासून या प्रतींची सूची आणि ताळा चालू आहे.

प्रमाण यादीवर तर आजही सगळ्यांचं एकमत नाही. २७ पुस्तकं बहुतेक चर्चना मान्य आहेत, पण ग्रीक ऑर्थोडॉक्स उपासनेत प्रकटीकरण वाचत नाहीत, आणि इथिओपियन ऑर्थोडॉक्स चर्च आपलं बायबल ८१ पुस्तकांचं मोजतं. प्रॉटेस्टंट पंथाचा प्रवर्तक ल्यूथर याने १५२२ साली इब्री, याकोब, यहूदा आणि प्रकटीकरण ही चार पुस्तकं शेवटी ढकलली आणि अनुक्रमणिकेत त्यांना आकडेही दिले नाहीत.

## पुढची खळबळजनक बातमी आली की

आधी पाहायचं की वस्तू कुठून आली: कोणत्या उत्खननातून, कधी, आणि इजिप्तमधून बाहेर कशी पडली. 'एका खासगी संग्राहकाकडे' एवढंच उत्तर असेल तर थांबावं. मग, छायाचित्रांसह अभ्यासपूर्ण प्रकाशन झालंय का. २०१२ साली 'पहिल्या शतकातला मार्क' सापडल्याची घोषणा एका जाहीर वादविवादात झाली. २०१८ साली तुकडा प्रसिद्ध झाला तेव्हा तो दुसऱ्या शतकाच्या अखेरीचा किंवा तिसऱ्याच्या आरंभीचा ठरला, आणि तो ऑक्सिरिंकसच्या जुन्याच संग्रहातला निघाला. तिसरं, शाईची तपासणी स्वतंत्र प्रयोगशाळेत झाली का. वॉशिंग्टनच्या बायबल संग्रहालयाने आपल्याकडचे मृत समुद्राकाठी सापडलेल्या प्राचीन ज्यू गुंडाळ्यांचे म्हणून घेतलेले १६ तुकडे असे बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून घेतले. मार्च २०२०मध्ये निकाल आला: चामडं जुनं, वरची शाई आधुनिक, आणि १६च्या १६ तुकडे बनावट.